मेळ न झालेला रविवार

जयश्री उठली नाही, आणि त्यामुळे सुरतेतल्या गोडादऱ्याच्या मंडळीत त्या रविवारी प्रभुभोजन झालंच नाही.

असं आजवर घडलं नव्हतं. नियम वाल्मिकनेच घातलेला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर मोडायच्या आधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने उठावं, त्याच्यापाशी जावं, हात हातात घ्यावा आणि मेळ करावा. एकाचाही मेळ राहिला असेल तर मेजावरचा पांढरा रुमाल उचलायचा नाही. एरवी हे सगळं चटकन उरकायचं. पाण्यावरून भांडलेल्या बाया डोळे पुसत एकमेकींच्या गळ्यात पडायच्या, एकाच कारखान्यात माग चालवणारे दोघे लाजत हात मिळवायचे आणि गाणं सुरू व्हायचं. आज तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणून मंडळीचे घसे बसले. मेजाजवळ उखा हात पुढे करून उभा होता. बायांच्या बाजूला सतरंजीवर त्याची बायको जयश्री मांडी घालून बसली होती, ती बसलीच. शेवटी वाल्मिकने आशीर्वाद उरकला, लोक कुजबुजत जिना उतरले आणि हॉलमध्ये फक्त घरचे उरले.

वाल्मिक आतून धुमसत होता. पाळकाने रागावू नये हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्यामुळे तो आणखीच रागावत होता. सरलाबाईंच्या तीन मुलांतला हा धाकटा. मधला उखा बारा वर्षांपूर्वी बायको-मुलं सोडून गेला तेव्हा त्याला शोधायला कुणी फिरकलं नव्हतं. या वर्षी वाल्मिक गेला. सुरतेजवळच्या कामरेजच्या एका कारखान्यात तो सापडला, त्याची दारू सोडवली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून तासन्‌तास प्रार्थना केली आणि मागच्या महिन्यात तापीच्या पाण्यात त्याला स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला. आजचा दिवस वाल्मिकने मनात रंगवून ठेवला होता. उखा साक्ष देईल, वहिनी रडतील, उठतील, आणि अख्खी मंडळी देवाची स्तुती करील. वहिनींना आधी सांगावं असं त्याला वाटलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या, हे मात्र त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही मला नाही म्हणाला नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही देवाला नाही म्हणालात."

जयश्री सतरंजीची घडी घालत होती. "मी कुणालाच काही म्हणाले नाही. मी बसून होते."

"सगळी मंडळी भाकरीवाचून घरी गेली."

"ती भाकर कुणी केली होती?" जयश्रीने घडी खाली ठेवली. दर महिन्याला ही बिनखमिराची भाकर तीच करायची. आदल्या दिवशी तवा घासून ठेवायची, पहाटे अंघोळ करून कणीक मळायची आणि भाकर भाजून होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. हे काम तिने कधी कुणाला दिलं नव्हतं. "माझ्या हातची भाकर मेजावर ठेवून मलाच कोंडीत धरलंत, भाऊ. हे बरं नाही केलंत."

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या उखाने मान वर केली. अंगावर वाल्मिकचा इस्त्रीचा सदरा होता आणि तो त्याला खांद्यांवर सैल होत होता. "राहू दे, वाल्मिक," तो शांतपणे म्हणाला. "प्रभूची वेळ अजून आली नसेल."

ते ऐकून जयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांनी समोर आलेल्या माणसाने तिच्या नाही म्हणण्यालाही प्रभूचं नाव लावून टाकलं होतं.

*

सुधाकरला सुरुवातीला खरं तर बरं वाटत होतं. तो थोरला, बँकेतून निवृत्त झालेला, आजोबांच्या काळात खानदेशात हे घराणं ज्या जुन्या मिशनच्या चर्चात आलं त्याच चर्चाचा सुरतेतला सभासद. तिथे लेकरांच्या कपाळावर पाणी शिंपडतात, घड्याळाकडे बघून उपासना संपवतात आणि कुणी उभं राहून आपली पापं सांगत बसत नाही. वाल्मिकच्या मंडळीतल्या टाळ्या आणि रडारड त्याला कधीच पसंत नव्हती. आज भाऊ परत आला म्हणून तो मुद्दाम डिंडोलीहून आला होता, आणि धाकट्याची फजिती आयतीच बघायला मिळाली होती.

"जयश्रीचं काय चुकलं?" तो म्हणाला. "माणूस म्हणतो मी बदललो. म्हणू दे. पण ते कुठे दिसायला नको का? नुसतं तोंडाने म्हणून काय होतं?"

एवढं पुरलं. गेली वीस वर्षं हे दोघे भाऊ दर नाताळला जेवणाच्या पाटावर जो वाद घालत आले तोच आता रिकाम्या हॉलमध्ये सुरू झाला. वाल्मिक म्हणाला, माणूस आपल्या कृत्यांनी तरणार असता तर प्रभूला वधस्तंभावर मरायचं कारणच नव्हतं. शेजारच्या खांबावरच्या चोराने कुठलं सत्कृत्य केलं होतं? शेवटच्या घटकेला विश्वासाने एक वाक्य बोलला आणि त्याच दिवशी स्वर्गात गेला. सुधाकर म्हणाला, तो चोर तिथेच मेला म्हणून सुटला. खाली उतरला असता तर ज्यांना लुटलं त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. विश्वास खरा असेल तर तो हातापायांत उतरतो, नाहीतर ती नुसती बडबड.

वाल्मिकचा आवाज चढला. विश्वाससुद्धा माणसाचा नसतो, तो म्हणाला, तोही देवच देतो, ज्याला द्यायचा त्याला. पापात मेलेला माणूस आपणहून उठून बसत नाही, त्याला उठवावं लागतं. सुधाकरने विचारलं, मग ज्याला देवाने उठवलं नाही त्याचा दोष काय? सगळं त्यानेच आधी नेमलं असेल तर आपण माणसं आहोत की पटावरच्या सोंगट्या? वाल्मिक म्हणाला, कुंभाराला मडकं जाब विचारत नाही. सुधाकर म्हणाला, मडकं बायको-पोरं टाकून कामरेजला जात नाही.

"उखाभाऊ मेलेला होता, दादा," वाल्मिक म्हणाला. "बारा वर्षं मेलेला होता. देवाने त्याला जिवंत केलं. तुम्हाला दिसत नसेल तर मी काय करू?"

"बारा वर्षं मेलेला माणूस कामरेजला दोन वेळ जेवत होता," जयश्री म्हणाली.

सुधाकरला हसू फुटलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते त्याने गिळलं. तिच्या बाजूने बोलता बोलता आपण तिला विसरूनच गेलो होतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं.

*

जयश्रीची मुलगी धनश्री खिडकीपाशी फोन घेऊन उभी होती. कापड मार्केटमधल्या एका दुकानात साड्यांचे फोटो ऑनलाईन चढवायचं काम करणाऱ्या या मुलीचा अंगठा एरवी मोठा चपळ. आता तो एकाच जागी थांबला होता. मंडळीच्या ग्रुपवर अश्विनीकाकूने, वाल्मिकच्या बायकोने, साक्षीचा व्हिडिओ टाकला होता. खाली आमेन आणि जोडलेले हात यांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, किती सुंदर योजना देवाची.

"काकू, हा काढून टाका ने," ती सुरती वळणाने म्हणाली.

अश्विनीने समजुतीच्या सुरात सांगितलं की लोकांना त्यातून आशीर्वाद मिळतोय, पार नवापूरपर्यंत पोचलाय.

"आशीर्वाद नाही तो. माझा भाऊ आहे."

जयश्री वळली. व्हिडिओ पसरल्याचं तिला माहीत नव्हतं. तिने हात पुढे केला. "लाव," ती म्हणाली. धनश्रीने नको म्हणून पाहिलं, पण आईचा हात तसाच राहिला, तेव्हा तिने लावला.

हॉलमध्ये उखाचा आवाज पुन्हा भरला. सकाळी माइकवर तो मोठा वाटला होता, फोनमधून बारीक येत होता. दारूने मला बांधून टाकलं होतं. सैतानाने मला पकडलं होतं. मग देवाने माझा मुलगा सौरभ याला नेलं, डेंग्यूने नेलं, आणि त्याच्या मरणातून मला हाक मारली. ती त्याची योजना होती, बंधूंनो आणि भगिनींनो. माझा मुलगा गेला म्हणून आज मी वाचलो. मागे कुणीतरी हालेलुया म्हणालं.

सौरभ गेला त्याला दहा वर्षं झाली होती; धनश्री तेव्हा बारा वर्षांची होती. दवाखान्याच्या वॉर्डात ती भावाच्या उशापाशी बसायची आणि दार वाजलं की सौरभ डोळे उघडून बघायचा. तो तोंडाने काही विचारायचा नाही. नुसता बघायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. हे तिने आजवर आईलाही सांगितलेलं नव्हतं.

जयश्रीने फोन तिच्या हातात परत दिला. ती वाल्मिककडे वळली, नवऱ्याकडे नाही.

"देवाने माझं लेकरू नेलं ते यांना हाक मारायला?" तिचा आवाज मोठा नव्हता. "आणि ती हाक यांना ऐकू यायला दहा वर्षं लागली? माझ्या लेकराचा जीव एवढा हलका होता का, की दहा वर्षं तो नुसता वाजत राहावा?"

"वहिनी, देवाचे विचार आपल्या..."

"थांबा. मी तुमच्यापेक्षा कमी विश्वास ठेवत नाही. सौरभ का गेला हे मी देवाला रोज विचारते. रात्री भांडते त्याच्याशी, सकाळी उठून त्याचीच भाकर करते. ते माझं आणि त्याचं आहे. पण सौरभ दवाखान्यात होता तेव्हा यांना निरोप मी धाडला होता. तो यांना मिळाला होता, सांगणाऱ्याने यांच्या हातात हात देऊन सांगितला होता. यायचं की नाही हे देवाने नाही ठरवलं. आणि माझा सौरभ यांच्या साक्षीतलं वाक्य नाही."

गप्प बसणं वाल्मिकच्या अंगवळणी नव्हतं. हार मानली तर आपण आजवर शिकवलेलं सगळं उलटं पडेल अशी धास्ती त्याला वाटली, आणि त्या धास्तीपोटी तो बोलू नये ते बोलला. जो क्षमा करत नाही त्याला क्षमा मिळत नाही, तो म्हणाला, हे काही माझ्या पदरचं नाही, प्रभूनेच सांगितलंय. "वहिनी, मला तुमच्या तारणाची काळजी वाटते."

या दिराला जयश्रीने आपल्या लग्नानंतर दोन वर्षं डबा करून दिला होता. बायबल शाळेला तो गेला तेव्हा त्याची पेटी तिनेच भरली होती.

"म्हणजे यांचं तारण फुकट," ती सावकाश म्हणाली, "आणि माझं अटीवर? यांनी काहीच करायचं नाही, नुसता विश्वास ठेवायचा. आणि मी मात्र उठायचं, हात धरायचा, घरात घ्यायचं, नाहीतर नरकात जायचं? मी हात धरणं हे कृत्य नाही का, भाऊ? तुम्हीच सांगता ना, कृत्यांनी कुणी तरत नाही म्हणून?"

वाल्मिकजवळ याला तीन-चार उत्तरं होती. सगळी पुस्तकात शिकलेली, सगळी बरोबर. त्याने हातातलं बायबल उघडलं आणि तसंच मिटलं.

*

तेव्हा सरलाबाई बोलल्या. भिंतीला टेकून बसलेल्या या म्हातारीने सकाळपासून तोंड उघडलेलं नव्हतं. मुलगा परत आल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता आणि सुनेसमोर तो दाखवायची लाजही वाटत होती. उखा गेल्यापासून त्या थोरल्याकडे राहिल्या नाहीत की धाकट्याकडे राहिल्या नाहीत, जयश्रीकडेच राहिल्या. दोघींनी मिळून नातवाला शेवटची अंघोळ घातली होती.

"तो ऱ्हाईन कथा, ते सांगा पयले," त्या म्हणाल्या. तो राहील कुठे?

प्रश्न साधाच होता, पण हॉलमधल्या प्रत्येकाचा चेहरा बदलला. वाल्मिकने गृहीत धरलं होतं की नवरा बायकोच्या घरी जाईल, त्यात विचारायचं काय. जयश्री म्हणाली, माझ्या घरी नाही. मग वाल्मिकने थोरल्या भावाकडे पाहिलं, कारण तीन खोल्यांचा फ्लॅट त्याचाच होता.

सुधाकर खुर्चीत सरसावून बसला. बायकोला, वंदनाला, विचारावं लागेल, तो म्हणाला, तिची तब्येत हल्ली बरी नसते, शिवाय सोसायटीतले लोक. आणि मग, घटकाभरापूर्वी ज्या तोंडाने तो हातापायांत उतरणारा विश्वास मागत होता त्याच तोंडाने म्हणाला, "जयश्री, तूच जरा नमतं घे. देवाने त्याला माफ केलं म्हणतात, तर आपण कोण अडवणारे?"

"मग भाऊंनी न्यावं," जयश्री म्हणाली. "त्यांनीच जिवंत केलंय."

वाल्मिकने तोंड उघडण्याआधी अश्विनी बोलली. घरात दोन मोठ्या मुली आहेत, ती म्हणाली, एकच बाथरूम आहे, असं एकदम कसं आणायचं. "सहा महिने जाऊ द्या. दारू खरंच सुटली का, कामावर टिकतात का, ते बघू. काहीतरी दिसलं तर पाहिजे ना आधी."

हे बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. वाल्मिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायकोला गप्प कर म्हणावं, तर ती त्याच्याच मनातलं बोलली होती. सुधाकरनेही संधी साधून टोमणा मारला नाही, कारण त्यालाही त्यात आपलंच तोंड दिसत होतं. दोघा भावांनी वीस वर्षं ज्या शिकवणींवरून एकमेकांशी धड बोलणं टाकलं होतं त्या दोन्ही एका पाहुण्याच्या अंथरुणाला जागा देऊ शकल्या नाहीत. या दोघांची कीव यावी म्हणावं तर तीही येत नाही, संतापच येतो.

"सगळ्यांची कृपा आमच्याच घरी का उतरायची?" धनश्री म्हणाली. तिला रडायला येत होतं आणि ते तिला नको होतं. "मोठे पप्पा, काका, तुम्ही जोरात बोलता तेव्हा देव तुमचा. बोजा आला की मम्मीचा."

*

उखा हे सगळं ऐकत होता. खोलीत न मावणाऱ्या कपाटाबद्दल बोलावं तसं सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते फोनमधल्या आवाजाचं. साक्ष देताना त्याला बरं वाटलं होतं, अगदी हलकं. वाल्मिकपुढे तो ती इतक्यांदा बोलला होता की जिभेवर गुळगुळीत झाली होती. जिथे जिथे अडायचा तिथे वाल्मिक म्हणायचा, तिथे देवाचा हात बघ. आणि खरंच, देवाचा हात घातला की वाक्य पुढे सरकायचं.

जयश्री त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"तुम्ही का आला नाहीत?"

"सैतानाने माझी बुद्धी..."

"सैतान नको."

"प्रभूच्या मनात..."

"देवही नको. तुम्ही सांगा. तुम्ही का आला नाहीत?"

उखाने वाल्मिककडे पाहिलं, वाल्मिकने जमिनीकडे. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. मग उखाच्या तोंडून जे बाहेर आलं ते साक्षीतल्या मराठीत नव्हतं, घरच्या बोलीत होतं.

"मी उनथू," तो म्हणाला. "दवाखानाना फाटकपावत उनथू."

सरलाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"त्या दिन मी पेयेल नव्हतू. अंघोळ करी, धुयेल सदरा घाली उनथू. फाटकजोडे चहा पिधा. वर जासू तं तू मनाकडे देखशी, पोऱ्या देखीन... मनी छाती नही झायी. परत गयू." तो थांबला. "मले कोनी धरेल नव्हतं. मी मझार नही उनू."

तो दारूत नव्हता. शुद्धीवर होता, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फाटकापर्यंत आला होता, आणि वर आपल्याकडे बघणारे डोळे नकोत म्हणून चहा पिऊन माघारी गेला होता. त्याला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.

जयश्रीने हेच मागितलं होतं आणि आता ते तिला सोसवेना. दहा वर्षं ती स्वतःला सांगत आली होती की तो कुठेतरी पिऊन पडला असेल, त्याला शुद्धच नसेल. तेवढ्या एका समजुतीवर तिने त्याचा राग आटोक्यात ठेवला होता. आता तीही गेली. सौरभ वर दाराकडे बघत होता तेव्हा बाप खाली कपात साखर ढवळत होता. धनश्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, पण जयश्रीला तिच्यापाशी जायचं सुचलं नाही. तिला उखाच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर विश्वासही वाटला.

"हाच पश्चात्ताप," वाल्मिक घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि मेजाकडे निघाला. "हाच. वहिनी, आता..."

"रुमाल उचलू नका," जयश्री म्हणाली. "हा मेळ नाही."

"मग काय आहे?"

"खरं आहे. मी तेवढंच मागत होते. माफीचं मी देवाशी बघेन. महिना लागेल, मरेपर्यंत लागेल, मला माहीत नाही. ती मी द्यायची आहे, तुम्ही माझ्याकडून काढून घ्यायची नाही. आणि हे माझ्या घरात येणार नाहीत."

वाल्मिक मेजापाशी उभा राहिला. रुमालाला लावलेला हात त्याने मागे घेतला. त्याला प्रार्थना करावीशी वाटली, पण कुणासाठी काय मागावं ते कळेना, म्हणून तोही शेवटी खाली सतरंजीवर बसला.

*

सरलाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या.

"मी जास त्यानासंगे," त्या म्हणाल्या. मी त्याच्याबरोबर जाते. इथेच गोडादऱ्यात ओळखीच्या कमलच्या चाळीत एक खोली रिकामी आहे, दोघांना पुरेल. मी भाकरी टाकीन, तो कामाला जाईल.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सुधाकर घाईने म्हणाला, आई, या वयात, हा काय वेडेपणा. अश्विनी म्हणाली, तुम्ही आमच्याकडे चला ना. म्हातारीने दोघांकडेही पाहिलं नाही. ती सुनेपुढे येऊन उभी राहिली.

"तुनं बराबर शे," त्या म्हणाल्या. "त्याले माफ कर, असं मी तुले कधी सांगाव नही. पन मी त्यानी माय शे, व."

बारा वर्षं ही बाई जयश्रीच्याच शेजारी झोपली होती. मिठावरून, चहावरून दोघींची रोज खडाजंगी व्हायची आणि रोज संध्याकाळी ओट्यावर एकत्र भाजी निवडली जायची. मुलगा की सून, असा प्रसंग आला तेव्हा सरलाबाईंनी सून निवडली होती. आता त्या मुलाकडे निघाल्या होत्या, आणि जयश्रीने हो म्हटलं असतं तर त्यांना जावं लागलं नसतं. अजूनही म्हटलं तर लागणार नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. सुधाकर तर आशेनेच बघत होता.

तिने हो म्हटलं नाही.

"आई, मी तुम्हाला काही कमी केलं का?" एवढंच तिने विचारलं.

"नही व." सरलाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तुले मनी गरज नही. त्याले शे."

जयश्रीचा राग गेला नव्हता, आणि त्यातला थोडा आता या म्हातारीवरही होता. सगळ्यांनी कृपेच्या गप्पा मारल्या होत्या, देताना फक्त हीच उठली होती, आणि जे द्यायचं होतं ते जयश्रीच्या घरातून उचलून नेत होती. तिने पर्स उघडली. सासूच्या गोळ्या कायम तिच्याच पर्समध्ये असायच्या. ती उखाजवळ गेली आणि पट्टी त्याच्या हातात ठेवली, त्याच्या बोटांना बोट लागू न देता.

"ही बीपीची. सकाळी उठल्या उठल्या द्यायची, चहाच्या आधी. त्या घेतली म्हणतील, घेतलेली नसते. समोर उभं राहून द्यायची."

"प्रभूच्या कृपेनं..." उखा सवयीने म्हणाला.

"नाही," जयश्री म्हणाली. "याच्यात प्रभूला घालू नका. हे तुमच्याकडे आहे. दिली तर तुम्ही दिली. चुकली तर तुम्ही चुकवली. तेव्हा योजना होती म्हणून मला सांगायला येऊ नका."

उखाने मान हलवली.

"मान नको. तोंडाने सांगा."

त्याने पट्टी मुठीत धरली. आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि या वेळी नजर खाली घातली नाही.

"मी देसू," तो म्हणाला.